‘हो’ म्हणजे नक्की काय, आणि प्रिंटर कोणता

मावशींनी उभं आयुष्य पाळणाघर चालवण्यात घालवलं. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लावलेले छोटे पलंग, कोपऱ्यात खेळण्यांची टोपली आणि दारात चपलांचा ढीग. दुसऱ्यांची पोरं सांभाळता सांभाळता त्या साऱ्या गल्लीच्या मावशी झाल्या. बोलणं फुटायच्या आधीचं पोरांचं बोलणं त्यांना बरोबर कळायचं. एखादं पोर कान ओढायला लागलं की त्या म्हणायच्या, “झोप आलीय याला.” एखादी दाराकडे पाठ करून उभी राहिली की म्हणायच्या, “आईची आठवण येतेय, पण दाखवायची नाहीये.” पोरांच्या आया थक्क व्हायच्या.

आणि आता घरातलं एकुलतं एक मोठं माणूस काय म्हणतंय, ते मात्र त्यांना काही केल्या कळत नव्हतं.

मावशींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणायचे. माणूस भारी चिकित्सक. साधी इस्त्री घ्यायची असली तरी ते दुकानात ती उलटी करून बघायचे, वायर किती लांब आहे विचारायचे, स्क्रू मोजायचे आणि दुकानदाराला घाम फोडायचे. त्यामुळे मावशींवर कधी साधा बल्ब निवडायचीही वेळ आली नव्हती. मग गेल्या वर्षी लिफ्टवाल्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला. पाय हळूहळू सावरला, पण शब्द गेले ते गेलेच. “त्यांना समजतं सगळं,” डॉक्टर म्हणाले, “फक्त हवा तो शब्द हाती लागत नाही.” हाती उरले होते दोनच. ‘किल्ली’ आणि ‘हो’. पाणी हवं असलं तरी किल्ली, चष्मा हवा असला तरी किल्ली, मुलीचा फोन आला तरी किल्ली. ‘हो’ची तर आणखीच पंचाईत. ‘हो’ म्हणजे हो, ‘हो’ म्हणजे नाही, आणि पुष्कळदा ‘हो’ म्हणजे जाऊ दे, तुला नाही कळायचं.

बोलण्याचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट दर आठवड्याला मावशींच्या फोनवर चित्रांची पानं पाठवायची. ठळक रेघांचा कप, कंगवा, खुर्ची, आणि खाली मोठ्या अक्षरांत नाव. “फोनवर दाखवू नका हं,” ती बजावायची. “कागदावर काढा. त्यांनी बोट ठेवलं पाहिजे, गिरवलं पाहिजे.” रंगाची गरज नव्हती, पण रेघ स्वच्छ हवी होती.

घरात मुलीने मागे ठेवलेला एक शाईचा प्रिंटर होता. आठवड्यातून चार पानं काढायची म्हटलं की त्याची शाई वाळून बसायची. कपावर पट्टे उठायचे आणि कंगव्याचे दातच गायब व्हायचे. नाक्यावर झेरॉक्सचं दुकान होतं, पण मावशी दहा मिनिटं जरी बाहेर गेल्या तरी लिफ्टवाले दारामागे खुर्ची ओढून बसायचे आणि त्या परत आल्या की त्यांच्याकडे असं बघायचे, की मावशींचा पाय पुन्हा निघायचाच नाही.

“आई, सरळ लेझर प्रिंटर घे, काळा-पांढरा,” दुसऱ्या शहरात नोकरी करणारी मुलगी फोनवर म्हणाली. “त्यात शाई नसते, पावडर असते. ती वाळत नाही.”

“पावडर म्हणजे? सांडत नाही का ती?”

“डब्यात असते गं बंद. मी तुला पाठवते चांगले चांगले, त्यातला एक निवड.”

तिने पाठवले. मावशी चष्मा लावून फोन घेऊन बसल्या आणि सगळं डोक्यावरून गेलं. एकाही यंत्राला धड नाव नव्हतं. गाडीच्या नंबरप्लेटसारखी नुसती अक्षरं आणि आकडे. कुठे लिहिलेलं, ‘ड्रम वेगळा’. मावशींना आठवले ते फक्त पाण्याचे ड्रम. कुठे ‘ड्युप्लेक्स’. तो तर दोन मजली फ्लॅट असतो, अशी त्यांची समजूत. त्यांना हवं होतं एवढंच: आठवडाभर पडून राहिल्यावर हे यंत्र चालेल की नाही? ते कुणीच सांगत नव्हतं. मग त्यांनी विकत घेतलेल्या लोकांचे अभिप्राय वाचले आणि उरलीसुरली अक्कलही गुंग झाली. एकाने लिहिलं होतं, ‘डोळे मिटून घ्या.’ त्याच्याच खाली, त्याच यंत्राबद्दल दुसऱ्याने, ‘चुकूनही घेऊ नका.’ मावशींनी नाव पुन्हा पडताळून पाहिलं. यंत्र तेच होतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हिशेबनीस राहायचे. मावशी त्यांना विचारायला गेल्या. “वहिनी,” ते म्हणाले, “ड्रम म्हणजे छापायचा रूळ, टोनर म्हणजे पावडर. दोन्ही वेगळे असलेलाच घ्या. पावडर संपली की फक्त पावडरीचा डबा बदलायचा. लांबचा विचार करा.” खाली उतरताना त्यांच्या सूनबाईंनी जिन्यात गाठलं. “मावशी, ऐकू नका हो त्यांचं. एकच डबा असलेला घ्या. थोडं छापणाऱ्याला कशाला त्या दोन-दोन भानगडी?”

मावशी घरी आल्या आणि लिफ्टवाल्यांसमोर खुर्ची ओढून बसल्या. “अहो, वेगळा ड्रम घेऊ की एकच डबा?”

“हो,” लिफ्टवाले म्हणाले.

शेवटी मावशींनी ठरवलं, यांनाच दुकानात न्यायचं. यंत्र त्यांच्यासाठी, आणि यंत्रातलं कळतंही त्यांनाच. मधल्या काळात मनाशी त्यांनी हिशेबनिसांचा सल्ला पक्का केला होता. शिकलेला माणूस आहे, सांगतोय तर काहीतरी असेल.

दुकान लांबट होतं, पांढऱ्या दिव्यांचं. टेबलावर दोन प्रिंटर शेजारी शेजारी मांडलेले. पांढरा, वेगळ्या ड्रमचा. काळा, एका डब्याचा. विक्रेता तिशीतला, बोलका. त्याने एका दमात मिनिटाला किती पानं, महिन्याला किती पानं, वायफाय, वॉरंटी असं सगळं सांगून टाकलं. मावशी मान डोलवत राहिल्या.

“मला एवढंच सांगा,” त्यांनी अखेर विचारलं, “हा नुसता पडून राहिला तर बिघडेल का?”

“मावशी, मिनिटाला तीस पानं काढतो!”

“अहो पण मला मिनिटाला नकोतच.”

तेवढ्यात लिफ्टवाले पुढे झाले. पांढऱ्या प्रिंटरचं पुढचं झाकण त्यांनी डाव्या हाताने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग पंजा ताणून वीतभर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि प्रिंटर जरा पलीकडे सरकवला. “किल्ली,” ते ठासून म्हणाले.

“किल्ली नसते काका याला,” विक्रेता म्हणाला. “बटण असतं.”

“किल्ली! हो, हो, हो!” आणि मान मात्र जोरजोरात नकाराची.

“लहान हवा का तुम्हाला?” मावशींनी विचारलं. “धूळ जाईल म्हणताय का झाकणातून? रंग नको का पांढरा?” थेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे त्या म्हणाल्या, “अंगठा दाखवा. वर की खाली?” अंगठा उठला आणि वर नाही, खाली नाही, आडवाच राहिला. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मावशींच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“अहो, एकदा नीट सांगा ना!” त्या ओरडल्या. “मला नाही कळत! नाही कळत मला काही!”

झटका आल्यापासून मावशी एकदाही त्यांच्यावर आवाज चढवून बोलल्या नव्हत्या. पाळणाघरातल्या पोरांवरही त्या कधी ओरडल्या नव्हत्या. लिफ्टवाल्यांनी हात खाली घेतला आणि ते बाजूच्या खोक्यावर जाऊन बसले. विक्रेत्याला काय करावं सुचेना; त्याने पाण्याचा ग्लास आणला आणि तो नेमका कुणाला द्यायचा, हे न कळून टेबलावर ठेवला. मावशींनी पदराने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

थोड्या वेळाने लिफ्टवाले आपणहून उठले. काळ्या प्रिंटरचं झाकण त्यांनी उघडलं, आत डावा हात घातला आणि पावडरीचा डबा अलगद बाहेर काढला. वजन करून पाहिल्यासारखा तळहातावर धरला आणि खटकन जागेवर बसवला. मग पांढऱ्याकडे वळले. त्यातली ड्रम-डब्याची जोडगोळी बाहेर आली, पण डबा ड्रमपासून सुटा करायला एका हाताने खटका दाबून धरायचा आणि दुसऱ्याने ओढायचं, अशी तऱ्हा होती. त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो बाजूला लोंबत होता.

मावशींचा जीव भांड्यात पडला. “असं होय! एका हाताने जमायला हवं, असं म्हणताय होय तुम्ही! मग सांगायचं नाही का?” आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली. “हाच द्या,” त्या विक्रेत्याला म्हणाल्या. “काळा.”

रिक्षात त्या घरी पोचेपर्यंत खुशीत होत्या. अखेर कळलं म्हणून.

घरी कपाटाच्या खालच्या फळीवर यंत्र ठेवलं, तर लिफ्टवाल्यांनी पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा वीत ताणली, भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाले, “किल्ली. हो, हो.” मान पुन्हा नकाराची. मावशी मटकन बसल्या. म्हणजे एका हाताचं नव्हतंच काही? जागेचं होतं? की वायरचं? त्यांनी प्रिंटर डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला, टेबलावर नेला. लिफ्टवाले बघत राहिले आणि मग कंटाळून खिडकीशी गेले.

रात्र व्हायच्या आत मुलगी फोनवर आली, कारण मावशींचा फोन आणि प्रिंटर एकमेकांना ओळख देईनात. “वायफायचं बटण दाब. दिवा लुकलुकतोय का? आता नाव दिसतंय का?” ते दिसलं, गेलं आणि पुन्हा दिसलं. मध्येच मावशींनी दुकानातली सगळी हकिगत सांगितली. मुलगी म्हणाली, “आई, बाबांना कदाचित कुठलाच नको असेल. ती चित्रं, तो कप, तो कंगवा... बाबांना ते पोरासोरांचं वाटत असेल.”

मावशींच्या हे मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. लिफ्टवाल्यांची पाठ त्यांच्याकडे होती. पोरांच्या पाठीवरून त्यांना काय काय कळायचं; या पाठीवरून काही म्हणजे काही कळेना.

“बोल ना आई. आहेस का?”

“आहे. पण मग आता हे परत करू का?”

“मला काय माहीत गं,” मुलगी म्हणाली.

परत केलं नाही. एक म्हणजे खोकं फाडलं होतं, आणि दुसरं म्हणजे मावशींनी फोनवर कसल्याशा बटणाला हात लावला आणि प्रिंटर अचानक घुरघुरायला लागला. लिफ्टवाले चटकन वळले. यंत्राचा आवाज ऐकून ते वळायचेच, तो जुना स्वभाव. ते जवळ आले आणि कान लावून उभे राहिले. पान सरकत बाहेर आलं. काळाभोर, ठसठशीत कप, कुठे पट्टा नाही. त्यांनी ते डाव्या हाताने उचललं, चित्राकडे बघितलंही नाही, आणि पान गालाला लावलं.

“गरम,” ते म्हणाले.

मावशी जागच्या जागी थबकल्या. किल्ली नाही, हो नाही. गरम.

“काय म्हणालात? कागद गरम आहे?”

“हो.”

“की चहा हवाय गरम?”

“हो.”

“की उकडतंय तुम्हाला?”

“हो, हो,” लिफ्टवाले म्हणाले, आणि त्यांना हसू फुटलं.

मावशींनी पंखा लावला, चहाचं आधण ठेवलं आणि पुढचं पान छापायला टाकलं.