अण्णांनी तपासलेलं गाव

माझ्या माहेरी अण्णांच्या शेऱ्याशिवाय काही होत नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. मुलगी दाखवा, प्लॉट दाखवा, नाहीतर कलिंगड दाखवा. चष्मा वर सरकवून मत देणारच. म्हणून माझ्या दहा वर्षांच्या लेकीचा मोबाइलवरचा गेम चांगला की वाईट, हे ठरवायलाही आमच्या ह्यांनी त्यांनाच बोलावलं. ह्यांना स्वतःहून आजवर काही ठरवता आलंय का! गेम होता राज्य चालवायचा, डावपेचांचा. अण्णा नको म्हणाले की लगेच काढून टाकायचा, असं ठरलं. पोरीनं सुट्टीभर खपून त्यात अख्खं गाव वसवलं होतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

रविवारी अण्णा जुळे सोलापूरला आमच्या फ्लॅटवर आले. पोहे झाले, चहा झाला, मग तपासणी सुरू.

"लढाई आहे का?"

"आहे की, मामा. पण मी तह करते."

"म्हणजे घाबरतेस. कर किती घेतेस?"

"थोडाच. जास्त घेतला की लोक चिडतात."

"चिडू देत की! लई लाड झाले. आणि पाणी?"

"रोज देते."

अण्णा खुर्चीत सरसावलेच. "रोज? बघा, पोरांच्या डोक्यात काय काय भरवतात!"

आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्याचं ह्या माणसाला काही नाही. राग कुणावर, तर रोज पाणी देणाऱ्या पोरीवर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "चार दिवसांनी सोड, काटकसर शिकशील," त्यांनी फर्मावलं. ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान त्यासाठीच आहे.

पोरीनं मुकाट्यानं पाणी बंद केलं. जरा वेळानं पडद्यावरची माणसं बोचकी घेऊन वेशीबाहेर निघाली.

"कुठं चालली ही?"

"गाव सोडून. दुसरीकडं सोय बरी असते ना, मामा."

अण्णांची दोन्ही मुलं पुण्यात. गेल्या दिवाळीलाही आली नाहीत. तिथं येऊन करायचं काय, असं थोरला फोनवर म्हणाला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा कुणाशी धड बोलले नव्हते. आता ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. त्यांना सुनवायला चार गोष्टी जिभेवर तयार होत्या माझ्या, त्या मी गिळल्या.

"ह्या लोकांना परत कसं आणायचं?" अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"गेलेले येत नाहीत, मामा. नवीन येतात."

आमच्या ह्यांना काय घाई! "मग अण्णा, काढून टाकू ना गेम?"

"थांबा हो जरा," अण्णा खेकसले. मग पोरीच्या हातात मोबाइल देत म्हणाले, "जे राहिलेत, त्यांना तरी पाणी सोड आधी."