पांढऱ्यात पांढरा

राळेगावच्या स्टँडवरच्या चहाटपरीत गप्पांचा राजा मीच होतो. एका सकाळी गोल्फच्या काठ्यांची लांब थैली घेऊन एक पाहुणा बसमधून उतरला आणि माझी सगळी माणसं त्याच्याभोवती जमली. उटीचं मैदान, शिलाँगचं मैदान. चमचा हवेत फिरवत तो असं सांगे, की टपरीत धुकं उतरे. मी जळून खाक.

"टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धा पाहता काय जी?" मी खवचटपणे विचारलं.

"कायले? त्यांचा चेंडू हरवला तं शोधाले गावभर लोकं. काल पलीकडच्या गावात माझा चेंडू कापूस फुटलेल्या पऱ्हाटीत गेला. पांढऱ्यात पांढरा. एकटाच शोधून राह्यलो."

टपरी खदखदली. माझ्या गोष्टींना ती इतकी कधीच हसली नव्हती. तरी माझ्याच तोंडून निघालं, "मंग, सापडला काय?"