पांढऱ्या चिठ्ठीचे पिंजरे

कॉलेजात काय काम करता, असं कुणी विचारलं की मलप्पा सांगायचा, "उंदरं सांभाळतो." ऐकणारा हसायचा. मलप्पा त्याला हसू द्यायचा.

त्याची उमेदीची वर्षं लातूरच्या डाळमिलमध्ये गेली. तिथल्या धुळीनं छाती धरली, तेव्हा निलंग्याच्या एका ओळखीच्या माणसानं त्याला ठेकेदारामार्फत फार्मसी कॉलेजच्या प्राणिघरात चिकटवून दिलं. त्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांची आधी त्याला किळस यायची. मग एकदा पिंजरा धुताना एक उंदीर त्याच्या तळहातावरच झोपी गेला, आणि किळस कुठल्या कुठे गेली.

त्याच्या घरची एक रीत होती. आपल्या भरवशावर असलेला जीव उपाशी असताना आपण घास घ्यायचा नाही. वडील गोठ्यात वैरण टाकल्याशिवाय ताटावर बसत नसत. मलप्पाचा गोठा केव्हाच मोडला होता, रीत तेवढी राहिली होती. पहाटे गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, निलंग्याहून एसटीनं लातूर गाठायचं, पिंजऱ्यांत दाणे टाकायचे आणि मगच भाकरीचं फडकं सोडायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा लुंबिनी प्राणिघरात येऊ लागली. किनवटकडच्या इस्लापूरची पोर, फार्मसीच्या पदव्युत्तर वर्गाची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिला सराट्याची चाचणी घ्यायची होती. तोच सराटा, जो बांधावर पसरतो, अनवाणी पायात रुततो आणि सायकली पंक्चर करतो. लघवी अडली, पायांवर सूज आली की तिच्या गावात त्याचा काढा देत. मलप्पाच्या गावातही देत. त्यानं लघवी खरंच वाढते का, हे तिला मोजून बघायचं होतं.

मलप्पानं घरी सांगितलं तेव्हा बायकोनं, नागम्मानं, नाक मुरडलं. पिढ्यान् पिढ्या पितो ते आता उंदरांना विचारायचं का, असं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तीच बांधावर वाकली आणि बोटं टोचून घेत पोतंभर सराटे गोळा करून दिले. आपल्या बांधावरचं तण कॉलेजात चाललं, याचं मलप्पाला मोठं अप्रूप वाटलं.

लुंबिनीनं त्याला सगळं समजावून सांगितलं. हिरवी चिठ्ठी लावलेल्या पिंजऱ्यांना सराट्याचा काढा. निळीला दवाखान्यात देतात ती लघवीची गोळी. पांढरीला नुसतं मिठाचं पाणी. आदल्या रात्रीपासून सगळ्यांना उपास.

"पांढऱ्यांना औषध न्हाई?" मलप्पानं विचारलं.

"नाही मामा. त्यांच्याशीच तर ताडून बघायचंय."

चाचणीच्या सकाळी पिंजऱ्यांखाली नरसाळी लागली, नरसाळ्यांखाली काचेच्या नळ्या. लुंबिनी पलीकडच्या खोलीत काढा मोजत होती. मलप्पानं फडकं सोडलं, पण घास उचलवेना. हिरव्या आणि निळ्या चिठ्ठीच्या उपासाला काही अर्थ होता, त्यांना औषध मिळणार होतं. पांढऱ्यांना ना दाणा ना औषध. भाकरीसोबत नागम्मानं शेतातलं वाळूक दिलं होतं, काकडीसारखं रसरशीत. मलप्पानं त्याच्या फोडी केल्या आणि पांढऱ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांत टाकल्या. उंदरांनी बियासुद्धा ठेवल्या नाहीत. मग त्याला भाकरी गोड लागली.

दुपार उलटल्यावर लुंबिनीनं नळ्या ओळीनं लावल्या. गोळीच्या नळ्या भरल्या होत्या. सराट्याच्या आणि नुसत्या पाण्याच्या नळ्या मात्र सारख्याच.

"सराटा काही करत नाही, मामा," ती म्हणाली. तसंच प्रबंधात लिहावं लागेल, तेही एक उत्तरच असतं, असंही म्हणाली. पण एकच रिकामी नळी ती पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

संध्याकाळी जेवताना नागम्मानं विचारलं, वाळूक गोड होतं का. मग ताटात दुसरं चिरता चिरता म्हणाली, "लई खाऊ नका. मागच्या बारीला रातभर लघवीला उठत हुता."

मलप्पाचा हात ताटातच थांबला.

सकाळच्या एसटीत तो खिडकीशी बसून होता. बोललं नाही तर कुणाला कळणार नव्हतं, उंदीर थोडेच सांगणार होते. बोललं तर ठेकेदार दुसऱ्याच दिवशी नवा माणूस आणणार. पण न बोलता सराटा खोटा ठरणार होता, कागदावर, कायमचा. आणि त्या पोरीचं काम त्याच्या वाळकापायी वाया जाणार होतं.

लुंबिनी आणि तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर दोघं प्राणिघरात असतानाच तो बोलला. "सर, चूक माझी हाय. पांढऱ्यांना मी वाळूक घातलं."

सर बरंच बोलले. वर्षाचं काम, परवानगी, शिस्त. शेवटी सर लुंबिनीकडे वळले. पहिली चाचणी रद्द करावी लागेल आणि कारणही लिहावं लागेल, म्हणाले. "काय लिहिणार?"

"वाळूक, सर."

सरांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हसण्यानं हलताना मलप्पाला दिसले.

उंदरांना विसावा देऊन चाचणी पुन्हा घ्यायची ठरली. या वेळी प्राणिघराची किल्ली आपल्याकडे राहील, असं सर म्हणाले. लुंबिनीनं मान हलवली. "मामांकडेच राहू द्या. उंदरांना खायला का द्यायचं नाही, ते त्यांना आता कळलंय."

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी मलप्पानं फडकं सोडलंच नाही. पिंजऱ्यांसमोर स्टुलावर बसून राहिला. लुंबिनीनं चहा आणला तर तोही नको म्हणाला. "समदे उपाशी हायत, मी एकटा कसा पिऊ?" तिनं आग्रह केला नाही. स्वतःचा कप खिडकीत ठेवून दिला आणि तो तिथंच निवला.

दुपारनंतर तिनं त्याला हाक मारली. नळ्या उजेडात धरल्या होत्या. पांढरी चिठ्ठी, तळाशी थोडंसं. निळी, भरपूर. आणि हिरवी या दोन्हींच्या मध्ये, पांढरीपेक्षा चांगली बोटभर वर.

"गोळीएवढं नाही," लुंबिनी म्हणाली. "पण आहे, मामा. अजून पुष्कळ तपासायचंय, पण आहे."

मलप्पा त्या हिरव्या चिठ्ठीच्या नळीकडे बघत राहिला. नागम्माच्या बोटांत अजून काटे होते. घरी जाऊन तिला काय सांगायचं, ते त्यानं मनात एकदा म्हणून पाहिलं.

"आता देऊ का ह्यांना?" त्यानं विचारलं.

लुंबिनीनं शेवटची नळी बाजूला घेतली आणि मान डोलावली. मलप्पानं पिशवीतून वाळूक काढलं, फोडी केल्या आणि एकेका पिंजऱ्यात टाकत गेला. सुरुवात पांढऱ्या चिठ्ठीपासून केली. उरलेल्या दोन फोडींतली एक लुंबिनीपुढे धरली.