लाखोरीच्या बांधीत उतरलेलं विमान

"सर, मी ठीक आहे. विमान करडीच्या शिवारात, बांधीत आहे."

प्रज्ञाचा फोन. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. मी हँगरमध्ये दुसऱ्या विमानाचं चाक उतरवत होतो. हातातला पाना तसाच टाकला आणि जीप काढली.

मी विमान देखभालीचा इंजिनिअर. आमची फ्लाइंग स्कूल छोटी, विमानंही छोटी. विमान उडायला योग्य आहे, ही सही माझी. प्रज्ञा आमची विद्यार्थिनी, दिघोरीच्या प्राथमिक शिक्षकांची मुलगी. त्या सकाळी ती सोलोवर होती, म्हणजे विमानात एकटी.

करडीच्या शिवारात पोचलो. धान कापून झालं होतं आणि बांध्यांत, म्हणजे धानाच्या त्या चौकोनी वाफ्यांत, लाखोरीचं कडधान्य वर आलं होतं. त्या हिरव्यात विमान नाकावर बसलेलं. पुढचं चाक धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धडकून मोडलं होतं, पंख्याची पाती वाकली होती. प्रज्ञा धुऱ्यावर बसली होती, फुटलेल्या ओठाला रुमाल लावून. शेताच्या मालकीण कौसल्याबाई तिला पाणी पाजत होत्या.

"आमी दहाजणी तिकडं धानाच्या पुंजण्यापाशी होतो जी," त्या मला म्हणाल्या. "इमान सरळ आमच्यावरच येऊन रायलं होतं. मंग वळवलन पोरीनं."

"काय झालं?" मी प्रज्ञाला विचारलं.

"टेकऑफनंतर दोनेक मिनिटांत इंजिन खोकायला लागलं, मग बंदच. इंजिन दुसऱ्या टाकीवर घेऊन पाहिलं. पुन्हा स्टार्ट करून पाहिलं. नाही झालं."

तेवढ्यात आमचे चीफ इन्स्ट्रक्टर, कॅप्टन साहेब, आले. त्यांनी विमानाभोवती एक फेरी मारली.

"पेट्रोलमध्ये पाणी. हिनं ड्रेन केलं नसेल."

ड्रेन म्हणजे उडण्याआधी पंखातल्या टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून बघणं. आमचं पेट्रोल निळसर असतं. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी रंगहीन दिसतं.

"केलं होतं सर. दोन्ही टाक्या. पूर्ण निळं होतं."

"दिसलं नसेल."

या एका वाक्यावर तिचं ट्रेनिंग थांबलं असतं.

तपास अधिकारी येईपर्यंत अपघातातल्या विमानाला हात लावता येत नाही. ते दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्यासमोर मी इंजिनाखालच्या फिल्टरची वाटी उघडली. अर्ध्याहून जास्त पाणी.

"झालं सिद्ध," कॅप्टन साहेब म्हणाले.

पाणी सिद्ध झालं होतं. प्रज्ञा खोटं बोलते हे नाही. तिला मी दीड वर्ष बघत होतो. कपात तिला शंका आली की ती मला हँगरमधून ओढून न्यायची.

मी तपास अधिकाऱ्यांना विमान उभं असायचं त्या जागी नेलं. आदल्या दोन दिवसांत अवकाळी पाऊस झाला होता आणि हँगरमध्ये जागा नसल्यानं ते विमान बाहेरच होतं. मी बाटलीतलं पाणी काँक्रीटवर ओतलं. ते सरळ पुढे, विमानाचं नाक असायचं त्या दिशेला, धावलं. डोळ्यांना सपाट वाटणारी जागा उताराची होती. ड्रेनचा नळ आणि इंजिनाकडे जाणारी नळी, दोन्ही टाकीच्या मागच्या बाजूला. म्हणजे पाणी पुढच्या कोपऱ्यात आणि कपात आलेलं निळं पेट्रोल मागचं.

त्यांनी खात्री करायला सांगितलं. त्याच बनावटीचं एक जुनं, न उडणारं विमान आम्ही त्याच जागी ढकललं. टाकीत ग्लासभर पाणी घातलं, वाट पाहिली, ड्रेन केलं. पूर्ण निळं. मग आमच्यातल्या दोघांनी शेपटी खाली दाबली, टेकऑफला नाक वर होतं तसं. पुन्हा ड्रेन केलं. कपभर पाणी.

प्रज्ञा तिथेच उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता प्रश्न उरला, टाकीत पाणी शिरलं कुठून? मी अपघातातल्या विमानाच्या टाकीचं झाकण काढलं. आतलं रबर वरून ठीक दिसत होतं. वाकवलं, तर खालच्या बाजूनं तडकलेलं. चार दिवसांपूर्वी मीच ते तपासून सही केली होती. वरून बघून.

संध्याकाळी मी जबाब लिहायला घेतला.

कॅप्टन साहेब नागपूरचे. चिडले की त्यांची तिथली बोली बाहेर येते. "काहून लिहून राहिले तुम्ही हे? उतार सापडला ना? लायसन जाईल तुमचं."

"साहेब, सही माझी आहे. मी नाही लिहिलं तर पाणी कुठून आलं, हे लोक पुन्हा तिलाच विचारतील."

ते समोरची खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "लिहा. पार्किंगच्या जागेचं माझ्या नावावर लिहा. ती मी ठरवली होती."

माझं लायसन्स तीन महिने निलंबित झालं. ते मी घरी बसून काढले. मधल्या काळात पार्किंगची जागा बदलली, सगळ्या झाकणांची रबरं बदलली. प्रज्ञाला पुन्हा विमानात बसायची भीती वाटत होती. पहिल्या चार उड्डाणांना कॅप्टन साहेब स्वतः तिच्या शेजारी बसले, एकदाही आवाज न चढवता.

मी कामावर परतलो त्या आठवड्यात तिची पुन्हा सोलो होती. विमान मीच तपासलं, सही केली, कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला. मग शिडी लावून वर चढली, टाकीचं झाकण काढलं, रबर बोटांनी वाकवून पाहिलं, परत बसवलं.

"ठीक आहे सर," खाली उतरून म्हणाली. थोडी लाजली होती.

मला राग आला नाही. इंजिनिअरच्या सहीवर पायलटनं इतपतच विश्वास ठेवावा.