राक्षसाच्या पायाखालची सही

पुण्याहून आलेल्या एका संग्राहकाने मला फसवलं, आणि मला मध्ये घालून आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पेंटरला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. मी तापट आहे असं गावभर बोललं जातं, आणि तापट माणसाचं म्हणणं लोक शेवटपर्यंत ऐकून घेत नाहीत.

माझा धंदा जुन्या पुस्तकांचा. हातगाडीवर रद्दी गोळा करत सुरुवात केली, आता कोल्हापुरात स्वतःचं दुकान आहे. गल्लोगल्ली भाड्याने पुस्तकं देणारी वाचनालयं होती, ती एकेक करून बंद पडली तेव्हा त्यांचा माल मीच उचलला. त्या ढिगांत मला ती पॉकेटबुकं भेटली. आत राक्षस, जादूगार आणि पाताळनगऱ्यांच्या गोष्टी. गोष्टींचं मला काही नाही. मला वेड लागलं ते मुखपृष्ठांचं.

एकावर तीन डोळ्यांचा राक्षस, वटवाघळाच्या पंखांच्या घोड्यावर बसलेला, एका हातात अख्खं गलबत. दुसऱ्यावर कमरेखाली नागीण असलेली राजकन्या, गळ्यात मात्र अस्सल कोल्हापुरी साज. तिसऱ्यावर आभाळातून उलटा लटकणारा किल्ला, त्याच्या दरवाज्यातून आग सांडतेय आणि खाली एक जादूगार शांतपणे छत्री उघडून उभा. आभाळ जांभळं, कातडी पोपटी, धूर शेंदरी. रंग असे भडक की पुस्तक माळ्यावर अंधारात पडलं असलं तरी कुणीतरी बघतंय असं वाटावं.

ही चित्रं काढणारा माणूस माझ्या दुकानामागेच राहतो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी सिनेमाचे बोर्ड रंगवले, ट्रकचे फाळके रंगवले, आणि शहरातल्या एका प्रकाशकासाठी ही मुखपृष्ठं केली. प्रकाशक त्यांना गोष्ट वाचायला देत नसे. चहा पिता पिता सांगायचा, "एक राक्षस, एक बाई, जरा धूर." बाकी सगळं चाचांच्या डोक्यातलं. राक्षसाची छाती तालमीतल्या पैलवानाची. अजगराचं थोबाड गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर धार काढतात त्या दुधाच्या कट्ट्यावर उभ्या असलेल्या म्हशीचं, ओल्या नाकपुड्यांसकट. एकदा त्यांनी पंखवाला हत्ती काढला. आत तर हत्ती कुठंच नाही अशी वाचकांची तक्रार आली, तेव्हा लेखकाला पुढच्या भागात हत्ती घालावा लागला.

पुस्तकात चित्रकाराचं नाव छापायची प्रकाशकाची पद्धत नव्हती. म्हणून चाचा चित्रातच सही करायचे, खाली उजव्या कोपऱ्यात, बहुतेक राक्षसाच्या पायाखाली. पण वाचनालयवाले नवं पुस्तक आणलं की आधी बाइंडरकडे पाठवायचे. बाइंडर पुठ्ठा घालायचा, वर मुखपृष्ठ चिकटवायचा आणि तिन्ही बाजू मशीनखाली कापून सरळ करायचा. सही जायची कातरणात. वर्षानुवर्षं गावाने चाचांची चित्रं हातात धरली आणि एकालाही त्यांचं नाव दिसलं नाही. मूळ चित्रं प्रकाशकाच्या गोदामात होती, ती पुरात गेली.

चाचांची मुलगी इचलकरंजीला दिलेली. जावई यंत्रमागावर पाळी करतो. सासऱ्याने ही चित्रं काढली यावर त्याचा कधीच विश्वास बसला नाही. "अब्बा, बोर्ड रंगवलं असतील तुमी, ह्ये न्हाय," असं तो तोंडावर म्हणायचा. आता त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली आहे आणि दुसऱ्याची विझत चालली आहे. दिसतंय तोवर आपलं नाव आपल्या चित्राखाली लागलेलं बघायचं, मुलीच्या आणि जावयाच्या देखत, एवढंच त्यांना हवं होतं.

मग जयसिंगपूरला स्टेशनजवळचा एक बंद पडलेला पुस्तकाचा स्टॉल मी उचलला. फळीखाली पत्र्याची पेटी निघाली. आत हीच पॉकेटबुकं, एकाही वाचनालयात न गेलेली, एकदाही न कापलेली. मी तिथंच जमिनीवर बसून एकेक मुखपृष्ठ बघितलं. प्रत्येक कोपऱ्यात सही होती.

पेटी तशीच चाचांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि पुस्तक नाकाला लावलं.

"हाय की रं!" ते म्हणाले. "माझीच हाय. बघ, शेपूट कशी वडलीया सहीची. इकू नगंस ह्ये."

"इकणार," मी म्हटलं. "पर नावासकट इकणार. पेटीत ठिवून कुणाला दिसणार हाय, चाचा?"

महिनाभरात तो संग्राहक आला. गोड बोलणारा, खादीचा कुर्ता, प्रत्येक मुखपृष्ठावर "अद्भुत! अद्भुत!" करणारा. याचं मोठं प्रदर्शन करणार म्हणाला. त्याने कुठंतरी ऐकलं होतं की आमच्या गुळाच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवतात. "तसं करूया का आपण?" तो हसत म्हणाला. माझे वडील त्या बाजारात हमाल होते. मी बोलायला शिकलो तो तिथंच. मी रुमाल पसरला.

हात आत घालण्याआधी मी चाचांना समोर बसवलं आणि मोठ्याने सांगितलं, "साहेब, भाव काय असंल त्यो रुमालाखाली. अट मात्र उघड्यावर सांगतो. हरेक चित्राखाली ह्यांचं नाव लागलं पायजे आनि सही दिसली पायजे. कबूल?"

"अहो, कबूल काय, तो तर माझा मान आहे," तो म्हणाला.

मग बोटं दाबली. मी त्याला भरपूर पिळलं, तेही सांगतो. माझ्या मनासारखा भाव आला, अख्खी पेटी त्याची झाली आणि रुमाल निघाला. आमच्यात रुमाल निघाला की संपलं. आधी जे तोंडाने बोललं गेलं ते भावाबरोबरच बांधलं जातं. त्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. मी कागद मागितला नाही. त्या गृहस्थाला ती सगळी एक गंमत वाटली होती, हे मला फार उशिरा कळलं.

प्रदर्शन त्याने कोल्हापुरातच लावलं. चाचांनी ईदचा कुर्ता इस्त्री करून घातला. मुलगी आणि जावई इचलकरंजीहून आले, जावयाने त्यासाठी पाळी बुडवली. मी गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा हॉल भरलेला होता.

समोरच तो तीन डोळ्यांचा राक्षस, माणसापेक्षा उंच करून छापलेला. मी आधी त्याच्या पायाकडे बघितलं. पाय नव्हतेच. घोटा सुरू होतो तिथंच चित्र कापलेलं. शेजारी नागकन्या, तिच्या शेपटीचं टोक नाही. पुढे उलटा किल्ला, त्याखालचा जादूगार गुडघ्यापर्यंतच. मी भिंतीभिंतीने पळत गेलो. एकाही चित्राला खालचा कोपरा नव्हता. खाली पट्टी होती: चित्रकार अज्ञात.

मागे चाचा जावयाला विचारत होते, "काय लिवलंय रं? वाच की."

जावयाने वाचलं. मग म्हणाला, "अब्बा, कुटं हाय तुमचं नाव?" त्याच्या आवाजात चेष्टा असती तर बरं झालं असतं. कीव होती.

पोरीपोरी राक्षसासमोर फोटो काढत खिदळत होत्या. संग्राहक हात पसरून आला. "या दादा, या! कसं वाटलं?"

"सही कुटं हाय?"

"अहो, कडा डागाळलेल्या होत्या. मोठं करताना फार वाईट दिसत होतं, डिझायनरने स्वच्छ केलं."

"सगळ्यांचा त्योच कोपरा डागाळला व्हय? आनि अज्ञात कुनी लिवलं?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "त्यात एक गूढपणा असतो हो. अनामिक कलावंत म्हटलं की लोक थांबून बघतात."

"अनामिक? ह्यो बगा तुमचा अनामिक, इस्त्रीचा कुर्ता घालून म्होरं हुबा हाय. विचारा त्याला नाव!"

लोक वळून बघायला लागले. संग्राहकाने चाचांकडे बघितलं आणि तो अगदी मऊ आवाजात बोलला, "आजोबा, राग मानू नका. पण हे तुम्हीच काढलंय, कशावरून? असं म्हणणारे मला बरेच भेटतात."

"पेटीतली बुकं काढा. सही हाय," मी ओरडलो.

"मूळ प्रती पुण्यात आहेत. सुरक्षित आहेत."

म्हणजे जो एकमेव पुरावा होता तो मी स्वतः त्याच्या हातात दिला होता. माझा हात त्याच्या गळपट्टीवर गेला. मधला एक स्टँड आडवा झाला, कुणीतरी किंचाळलं. चाचांनी माझं मनगट पकडलं. पेंटरचा पंजा अजून जड आहे.

"हात खाली घे," ते म्हणाले. "गाव बघतंय." मग ते राक्षसाकडे वळले. "हसत्यात की रं पोरी त्याला. लोकांनी भ्यावं म्हनून काढलाता मी त्यो."

मुलगी त्यांना धरून बाहेर घेऊन गेली. जावई मागून चालला होता, खाली मान घालून. पुढे काही दिवस गावात एवढंच फिरलं, की रद्दीवाल्याने तमाशा केला. चाचा तेव्हापासून दुकानाकडे आलेले नाहीत. मी गेलो तर बोलतात, चहा देतात, पण चित्रांचा विषय काढला की भिंतीकडे वळतात. डॉक्टर म्हणतो, उरलेली नजर फार दिवस टिकायची नाही.

साहेब, तुम्ही हे वाचाल, तुमच्या ओळखीचं कुणीतरी नक्की वाचेल. मला तुमच्याकडून माफी नको. ती पेटी उघडा. त्यातलं एक पुस्तक, कुठलंही, घेऊन इचलकरंजीला जा आणि चाचांच्या जावयाच्या हातात द्या, कोपरा वर धरून. नंतर चाचांच्या समोर बसा आणि त्यांना नजर आहे तोवर सांगा, ती सही कापायला डिझायनरला कुणी सांगितलं. तुम्हीच सांगितलं असेल तर का सांगितलं, तेही सांगा. मी दुकानातच असतो. उत्तर द्या.