हळद लागलेलं स्थळ

माझ्या धाकट्या दिराला खोकला झाला, तेव्हा त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. पस्तिशी ओलांडलेला, कोरडवाहू शेतीवाला नवरदेव. त्याला स्थळ मिळणं म्हणजे भर मे महिन्यात बोअरला पाणी लागणं. अशात पालमच्या मंडळींनी "रविवारी या" म्हटलं, आणि ह्याचा खोकला असा, की हा शेतात खोकला तर पिंगळीच्या स्टेशनवर लोक गाडी आली म्हणून पिशव्या उचलायचे.

घरातली डॉक्टर मी. डिग्री तेवढी नाही. हळदीनं सूज उतरते, मिऱ्यानं हळद अंगी लागते, दालचिनीनं साखर आटोक्यात येते, हे मोबाइलवर रोज कुणीतरी सांगतंच. त्या हिशेबानं माझ्या मसाल्याच्या डब्यापुढं जिल्ह्याचा दवाखाना म्हणजे टपरी. तीन आठवडे त्याला हळदीचं दूध आणि मिरे-लवंगांचा काढा पाजला. त्याच्या घामानं टॉवेल पिवळा व्हायला लागला. हे खोटं नाही, फक्त थोडं वाढवलंय.

शनिवारी शेवटचा उपाय म्हणून गरम तेलात हळद कालवून गळ्याला, छातीला चोपडली. सकाळी साबण हरला.

पालमला पोहे झाले. मुलीची आत्या सारखी ह्याच्या गळ्याकडं बघायची. शेवटी तिनं मला आत बोलावलं.

"ताई, पाव्हण्याला हळद कवा लागली?"

"तीन आठवडे झाले की," मी ऐटीत म्हणाले. "मीच लावली."

"मंग लगीन उरकलं म्हना. हितं कशाला आनलं?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. मी खोकल्याचं सांगायला लागले, पण आत्याचं ऐकून मुलीचे वडील आम्हाला वाटेला लावायला बाहेर चपला घालून उभे. नशीब, तेवढ्यात हा खोकला. पत्रे हलले.

मुलगी तिथंच एका डॉक्टरकडं नर्स. ती सरळ बाहेर आली. "किती दिवसांचा खोकला हाय?"

"वैनीला इचारा," दीर म्हणाला.

"तीन आठवडे," मी म्हणाले.

"डॉक्टरला दाखवलं न्हाई?"

ह्यानं माझ्याकडं बोट केलं. "दाखवलं की. ह्या काय."

ती हसली नाही. "हळद खाऊ द्या, घशाला बरं वाटत असंल. पण इतक्या दिवसांचा खोकला डब्यातून कळत न्हाई. उद्याच छातीचा फोटो काढा. मग बघू."

आजवर स्थळांना ह्याचे किती फोटो पाठवले. कोटातला, ट्रॅक्टरवरचा, गॉगल लावलेला. छातीचा कुणी मागितला नव्हता. परभणीला काढून तिच्या मोबाइलवर पाठवला. टीबी निघतो का काय, ह्या धास्तीनं दोन दिवस घरात कुणाला घास गेला नाही.

मग तिचा फोन मलाच आला. "फोटो साफ हाय. आमच्या डॉक्टरांनी बघितला, धुळीचा खोकला म्हणले. तपासून गोळ्या देतेत. त्यांना हिकडं पाठवा." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "एकट्याला."