खुशबूलाही न उघडणारा डबा

हेमराजनं पहिला रॉड घातला तो लहानू रामटेक्यांच्या गुडघ्यावर. भिलाईच्या प्लांटात कोक ओव्हनच्या धगीसमोर अख्खी नोकरी काढलेला माणूस, कुरुदच्या स्वतःच्या घरात खुर्चीसकट आडवा झाला. दुसरा रॉड टीव्हीवर बसला. गिरजाबाई पदराचा बोळा तोंडात धरून भिंतीला चिकटल्या, आणि त्यांची मुलगी खुशबू मांडीवर लॅपटॉप घेऊन होती तिथंच थिजून बसली. भरदुपार होती, गल्लीत माणसं होती. पण हेमराजची दोन धटिंगणं दारात उभी असताना आत यायची कुणाची छाती होणार?

"माही बायको कुठं लपवली, तेवढं सांग," हेमराज म्हणाला. "पता दे, हम चले जाएंगे."

बायको म्हणजे वंदना. या नराधमानं तिच्या अंगावर उकळतं तेल ओतलं होतं. ती तशीच पळाली आणि शेवटी एका संस्थेच्या आसऱ्याला गेली. ही संस्था अशा बायकांना साध्या भाड्याच्या घरांत ठेवते, आणि कोण कुठं आहे ते फक्त संस्थेच्या प्रोग्रॅमलाच कळतं. तो प्रोग्रॅम चालवायचं काम खुशबूच्या कंपनीकडे होतं. वंदनाला तिनं आयुष्यात पाहिलंही नव्हतं.

हेमराजला हे कळलं कसं? लहानूंच्या तोंडून, आणखी कसं! बापाला पोरीचं कौतुक आवरत नाही. मोहन नगरातल्या एका लग्नात, हातात जिलबी धरून, त्यांनी अख्ख्या पंगतीला ऐकवलं होतं, "त्या पळून आलेल्या बायांचं सारं कम्प्युटर माही खुशबू सांभाळून राहिली. सारी चाबी तिच्याच हातात." शेवटचं वाक्य त्यांनी पदरचं घातलं होतं. हेमराज मागच्याच पंगतीत जेवत होता.

खरी गोष्ट अशी, की चाबी नव्हतीच. प्रोग्रॅम ज्यात बांधून ठेवतात त्याला कंटेनर म्हणतात; डबाच समजा. कुणाच्या तरी क्लाउडवर, भाड्याच्या मशिनींच्या जथ्यात असे डबे चालतात. बाजारात मिळणाऱ्या तयार डब्यात प्रोग्रॅमसोबत भाराभर सामान येतं. त्यात शेल असतो, म्हणजे आत शिरलेल्या माणसाचे हुकूम ऐकणारा नोकर, आणि जे हवं ते बाहेरून उतरवून घ्यायची अवजारंही असतात. चोर शिरला तर त्याला घरातच कोयता मिळावा, अशी ही सोय. खुशबूनं सगळं उपटून फेकलं. उरला नुसता प्रोग्रॅम. बाहेरून दुसरं अवजार आत ढकलायची वाटही तिनं बुजवून टाकली. पत्त्यांपर्यंत तो प्रोग्रॅमच काय तो पोचत होता, आणि तोही संस्थेच्या बाईंनी त्यांच्या कार्यालयात बसून विचारलं तरच.

यावरून तिचं आणि तिच्या साहेबाचं, पीयूषचं, कडाक्याचं भांडण झालं होतं. तो म्हणाला, "एका डब्यात तरी शेल राहू दे. कुछ बिगड़ा तो हम कैसे घुसेंगे?" ती म्हणाली, "आपल्याले घुसता येते तर कोणालेबी घुसता येते." तो महिनाभर तिच्याशी धड बोलला नव्हता.

आता हेमराजनं तिचा शेपटा मनगटाला गुंडाळला आणि डोकं भिंतीवर आपटलं. "उघड."

आणि ऐका, ती उघडायला बसली. कुणाला वाटेल पोरगी वाघीण होती. वाघीण कसली, भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं आणि बाप जमिनीवर गुरासारखा ओरडत होता. तिनं हुकूम टाइप केला. उत्तर आलं, शेल सापडत नाही. तिनं पुन्हा टाइप केला. पुन्हा तेच.

"मले येडा समजते का?" त्यानं तिचा डावा हात टेबलावर दाबला आणि बोटांवर रॉड हाणला. हाड मोडल्याचा आवाज गिरजाबाईंना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू आला. खुशबू उजव्या हातानं टाइप करत राहिली. येत होते नव्हते ते सगळे हुकूम तिनं देऊन पाहिले. स्वतःच लिंपलेल्या भिंतीवर ती डोकं आपटत होती आणि कुठं फट राहिली असेल तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

हेमराजनं रायपूरच्या कुणा जाणकाराला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन स्क्रीनसमोर धरला. तो माणूस जरा वेळ बघत राहिला. "भैया, अंदर कुछ है ही नहीं. मार भी डालोगे तो नहीं खुलेगा."

हेमराजनं लॅपटॉप तिच्याच खांद्यावर फोडला. मग गिरजाबाई पुढं झाल्या. पाट्यावरचा वरवंटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. रॉड गळून पडला. तो हंबरत बाहेर पळाला, दारातली दोघं त्याच्याही आधी पसार झाली, तेव्हा कुठं गल्लीला कंठ फुटला. लोकांनी त्याला नाक्यावर पाडला आणि पोलीस येईपर्यंत लाथांनी तुडवला.

दवाखान्यात लहानू प्लास्टरचा पाय वर टांगून वॉर्डभर सांगत होते, "पोरीनं एवढा मार खाल्ला, पण तोंड नाही उघडलं." नर्ससुद्धा तिच्याकडे कौतुकानं बघत. खुशबू भिंतीकडे तोंड फिरवायची.

एका दुपारी संस्थेच्या बाईंसोबत एक बाई आली. गळ्यापासून कानापर्यंत कातडी आवळून आलेली. नाव सांगायची गरज नव्हती. ती खुशबूच्या पायाला हात लावू लागली.

"नको," खुशबूनं पाय आखडले. "ताई, मी तोंड बंद नव्हतं ठेवलं. मी उघडून राहिली होती. उघडलं असतं तर तुहा पत्ता दिला असता त्याले. तिथं उघडायले काही होतंच नाही."

वंदना पलंगाच्या कडेला टेकली.

"बरं झालं," ती म्हणाली. "मी तेलानंतर पहिले बहिणीकडं गेली होती. मग त्यानं मले रस्त्यात गाठलं, कोणी लपवलं म्हणून विचारलं, अन् दोन रपाट्यांत मी तिचं घर दाखवलं. तिचा डोळा गेला."